चिलेंजेचं कासव

माझी थोरली बहीण फालेसी हिचं नाव तुम्ही एखाद्या जाडजूड पुस्तकाच्या तळटिपेत वाचलं असेल, तर तिथं जे लिहिलंय ते खरंच आहे. चिलेंजे टेकडीवरची चित्रं तिनंच जगापुढे आणली. त्या कपारींत आमच्याही आधी राहून गेलेल्या बुटक्या लोकांच्या चुली, त्यांची दगडी पाती, मागून आलेल्या आमच्या पूर्वजांची खापरं आणि लोखंड गाळायच्या भट्ट्या, सगळं तिनंच उकरून काढलं. पण तळटिपेत माणूस मावत नाही, म्हणून मी लिहायला बसलोय. मी येसाया, कालुंबे गावच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर, आणि आमच्या रीतीप्रमाणे बहिणींचा पालक. बाई कितीही शिकली, केस पिकले, तरी चारचौघांत तिच्या वतीनं बोलायचं काम भावाचं. फालेसी माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिच्या वतीनं बोलायचो आणि काय बोलायचं ते तीच मला आधी पढवून पाठवायची.

तिनं लग्न केलं नाही. मागणी घालायला कोंबडी घेऊन आलेल्या तीन-चार भल्या माणसांना मी कोंबडीसकट परत पाठवलं, तिच्याच हुकमावरून. एक तर डेड्झाच्या बाजारातला बटाट्याचा मोठा व्यापारी होता. माझा जीव अजून हळहळतो.

चिलेंजेच्या खडकांवर दोन तऱ्हेची चित्रं आहेत. लाल चित्रं फार जुनी, बुटक्या लोकांची. नुसत्या रेघा, जाळ्या आणि वर्तुळं, त्यांचा अर्थ सांगणारं कुणीच उरलं नाही. पांढरी चित्रं मात्र आमच्या आज्या-पणज्यांनी काढलेली. मुलगी वयात आली की बायका तिला टेकडीवर न्यायच्या, तिच्यासाठी नाच लावायच्या, चित्रं दाखवून समजवायच्या आणि तोंड बंद ठेवायची शपथ घालायच्या. पुरुषाला त्यातलं अक्षर कळत नाही आणि त्यानं विचारायचंही नसतं. आणि जिच्यासाठी नाच झाला नाही ती कितीही म्हातारी झाली तरी बायकांच्या लेखी पोरच. बाळंतिणीच्या खोलीत तिला प्रवेश नाही, मयताला हात लावायचा नाही.

आमचे वडील मिशनचे धर्मशिक्षक. नाच म्हणजे सैतानाचा कारभार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी पुढे शाळेच्या सुट्टीत मामाकडे पळालो आणि मुलग्यांचा विधी गुपचूप उरकून आलो. वडिलांनी वेतानं फोडून काढलं आणि विषय तिथंच मिटला. मुलीला असं पळता येत नव्हतं. फालेसी वयात आली त्याच आठवड्यात वडिलांनी तिला मिशनच्या नन्सच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. तिथं ती इंग्रजी व्याकरण, टाइपरायटर आणि केक करायला शिकली. आईनं दारात उभं राहून निरोप दिला आणि एक शब्दही काढला नाही. खुद्द आईसाठी नाच झालेला होता, हे फालेसीला पुष्कळ वर्षांनी कळलं.

पुढे झोम्बाचं कॉलेज, मग परदेश, आणि ती परतली ती पुरातत्त्व खात्याची नोकरी घेऊन. त्या काळी देशात बायकांना पँट घालायला बंदी होती, त्यामुळे आमची विदुषी कमरेला रंगीत कापड गुंडाळून माकडासारखी खडक चढायची. गावातल्या बायका म्हणायच्या, हिला सरकार खड्डे खणायचा पगार देतं, आमचे नवरे मात्र फुकट खणतात. तिलाही हसू यायचं. ती लाल चित्रांवर पोटापुरतं काम करायची, पण तिचा जीव अडकला होता पांढऱ्यांत. जी गोष्ट आईनं सांगायची ती खडकाकडून काढून घ्यायला ती निघाली होती. असं मी एकदा तिला तोंडावर म्हणालो, तर आठवडाभर बोलली नाही.

मोठ्या कपारीत, पांढऱ्या चित्रांच्या अगदी खाली, राखेच्या थरात तिला एक दिवस अर्धवट भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. खापरं नव्हती ती. एकावर खवल्यांसारखी नक्षी होती, एकाला पायासारखा उंचवटा. माती वाहायला गावातल्याच बायका लावलेल्या होत्या. तुकडे दिसल्याबरोबर त्यांनी डोक्यावरची घमेली खाली ठेवली, हात झटकले आणि न बोलता घरी निघून गेल्या. फालेसीला वाटलं, मजुरी कमी पडली. तिनं मजुरी वाढवून निरोप धाडला, तरी एकही फिरकली नाही. नाच झालेली कुठलीही पोर तो तुकडा पाहताच खणणं तिथंच थांबवून मोकळी झाली असती. पण आमच्या बाईसाहेबांना सगळ्या आफ्रिकेचा इतिहास पाठ आणि घरचीच गोष्ट ठाऊक नाही. तिनं शेजारच्या गावातून गडी आणले, तुकडे कापसात गुंडाळले आणि शहरात नेले.

मग तिनं ते जोडले. ते दिवस तिचे सगळ्यात सुखाचे होते, हे मला कबूल करावं लागतं. मी शहरात गेलो की संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती टेबलावर ओणवी झालेली असायची, दाताखाली शेंगदाणे, हातात चिमटा, आणि ओठांत कसलंतरी चर्चमधलं गाणं. तुकडे मुद्दाम फोडलेले आहेत हे तिला स्पष्ट दिसत होतं, ते तिनं लिहूनही ठेवलं. का फोडले असतील, हे जोडून झाल्यावर पाहू म्हणाली. सगळं जुळल्यावर हातभर लांबीचं एक जनावर उभं राहिलं. परदेशी विद्वान आले, त्यांनी त्याला कासव ठरवलं आणि फालेसीनं मान डोलावली. चिलेंजेचं कासव पुस्तकांत गेलं, एका बँकेच्या कॅलेंडरवरही आलं. जानेवारीच्या पानावर.

त्याच जोरावर तिनं सरकारकडून मोठ्या कपारीला तारेचं कुंपण मिळवलं. धुरानं पांढरा रंग काळवंडतो, हात लागून पोपडे पडतात, पोरं कोळशानं नावं लिहितात, हे सगळं खरंच होतं. कुंपण झालं, रखवालदार आला. एनेलेसी आजी म्हणजे बायकांच्या विधीची प्रमुख. ती एकदा वर जाऊन कुंपण पाहून आली. मुलींचे नाच मग चर्चमागच्या अंगणात व्हायला लागले, आटोपशीर, पाळकाच्या परवानगीनं. फालेसीला त्यात काही गैर दिसलं नाही. खडक वाचला, नाचही चालू राहिला, दोन्ही साधलं, असं ती मला म्हणाली होती.

आई गेली तेव्हा फालेसीनं पन्नाशी ओलांडली होती. आईला न्हाऊ घालायला बायका आत जमल्या. फालेसी पाण्याची घागर घेऊन दारात गेली. एनेलेसी आजी उंबऱ्यात उभी होती. तिनं घागर हातातून घेतली आणि अगदी मायेनं म्हणाली, "तू बाहेर बस गं, पोरांमध्ये."

फालेसी बाहेर येऊन पोरांमध्ये बसली. पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, परदेशी विद्यापीठांत भाषणं ठोकणारी बाई. कुणाची तरी चिमुरडी तिच्या मांडीवर येऊन झोपली. आत बायका गात होत्या, आणि जी गाणी ती जन्मभर शोधत होती ती भिंतीपलीकडे तिच्याच आईसाठी चालली होती. तिला ओरडून रडतानाही मी पाहिलंय, पण त्या दिवशी ती नुसती पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत बसली होती, ते मला जास्त लागलं.

चाळीस दिवस झाले आणि ती माझ्याकडे आली. म्हणाली, कोंबडी घेऊन एनेलेसी आजीकडे जा.

मी पांढरी कोंबडी काखोटीला मारून गेलो. आजी अंगणात बटाटे निवडत बसली होती. कोंबडी बघून म्हणाली, "उशिरा का होईना, मिळाला म्हणायचा फालेसीला नवरा."

"नवरा नको, आजी. तिला नाच हवाय," मी म्हणालो.

तिच्या हातातला बटाटा तसाच राहिला. मग तिनं फालेसीला बोलावून घेतलं. फालेसी येऊन गुडघ्यांवर बसली, जशी आमची कुठलीही मुलगी वडीलधाऱ्यांपुढे बसते तशी.

"काय जोडलंयस म्हणे तू शहरात?"

"कासव, आजी."

आजी हसायला लागली. थांबेचना. अंगावरच्या कापडानं डोळे पुसले, पुन्हा हसली. "कासव म्हणतात त्याला? सगळ्या जगात?"

"हो."

"बरं आहे. म्हणू देत." मग तिचं हसू गेलं. माझ्याकडे एकदा पाहून तिनं आवाज उतरवला. "ते असं उभं आहे तोवर मी तुझ्यासाठी नाच लावू शकत नाही, बाळ. ते आण. आधी ते मोडायचं, रीतीनं, तू शेजारी बसायचं. मग नाच. आणि त्यानंतर तू त्या चित्रांवर एक अक्षर लिहायचं नाहीस."

"नाही लिहिणार," फालेसी म्हणाली. इतक्या पटकन, की मीच दचकलो. सगळी हयात ज्याच्यावर घातली त्याच्यावर तिनं एका दमात पाणी सोडलं होतं. "पण ते माझं नाही, आजी. देशाचं आहे."

"मग देशासाठी लावू का नाच?"

परत येताना मी तिला सरळ सांगितलं, की संग्रहालयाची किल्ली तुझ्याच गळ्यात आहे, एक दिवस पिशवीत घाल आणि आण. मी मास्तर, जन्मभर पोरांना चोरी करू नका म्हणून शिकवत आलो, तरी म्हणालो. ती रस्त्यात थांबली.

"येसा, मी आयुष्यभर या लोकांना सांगत आले, टेकडीवरचा खडासुद्धा उचलू नका. आणि आता मी पिशवीत घालून पळू?"

"तुझ्याच हातानं जोडलंयस ना?"

"म्हणूनच."

मला तिचा राग आला होता, आजही येतो. सरळ माणसाशी वाद घालता येत नाही. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं होतं आणि भिंतीला त्याचं काहीच नसतं.

तिनं रीतसर मागणी केली. वरची माणसं वाईट नव्हती. कुणी तिला हाकलून दिलं नाही, चहा पाजला, बसवून ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मोडायचं का ते सांगा. तिला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक होण्यासाठीच ते मोडायला हवं होतं. मग ते म्हणाले, गावाकडून खुलासा आणा. एनेलेसी आजी म्हणाली, खुलासा करायचा असता तर शपथा कशाला घातल्या असत्या. साहेब बदलले, सरकारं बदलली, समित्या बसल्या आणि उठल्या. फालेसी निवृत्त होऊन गावी आली, आईच्या घरात राहायला लागली. तिचं पांढऱ्या चित्रांवरचं पुस्तक अर्धं लिहून पडलं होतं. प्रकाशकानं विचारायचं सोडलं. नाच होईल म्हणून तिनं लिहिणं थांबवलं होतं, आणि नाच काही होत नव्हता.

बाजाराच्या दिवशी एनेलेसी आजी बटाट्यांच्या पोत्यांआडून मला हटकायची. "काय मास्तर, देश काय म्हणतोय?"

"विचार करतोय, आजी."

"करू दे. मला काय घाई आहे?" ती म्हणायची. दर वर्षी तिची काठी थोडी जास्त वाकलेली दिसायची.

जुलैच्या धुक्यात, आमच्याकडच्या ऐन थंडीच्या कडाक्यात आजी गेली. आठ दिवस खोकत होती. फालेसी अंत्यविधीला आली नाही. मी बोलवायला गेलो, तर चुलीपुढे बसून होती. "जाऊन बसू कुठे, येसा?" असं म्हणाली. मीही तिथंच बसलो. पालक म्हणून मी आणखी काय करणार होतो?

परवानगी आली ती त्याच्या पुढच्या वर्षी. नवा साहेब फालेसीच्याच हाताखाली शिकलेला. ज्याला इतकी वर्षं लागली ते त्यानं एका सहीत केलं, आणि खोकं स्वतःच्या गाडीतून घेऊन आला. कासव आता गावाचं, गाव त्याचं हवं ते करो. आजी गेल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं. तो फालेसीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी उशीर केला." फालेसीनं त्याला मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि भोपळ्याच्या पानांची भाजी जेवू घातली, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. त्याची समजूत तीच घालत होती.

मग तिनं मलिताला बोलावलं. मलिता चर्चच्या बायकांची पुढारी, आजीनंतर मुलींचं सगळं तीच बघते. गुणी बाई, शिवणकामाचं दुकान चालवते. बरोबर चार जणी आल्या. मी अंगणाच्या टोकाला आंब्याखाली जाऊन बसलो, कारण मी ऐकायचं नव्हतं. दार लावून त्या आत बोलल्या. बराच वेळ गेला.

त्यातलं जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं फालेसीनं मला नंतर सांगितलं. मलिताला गाणी येत होती. नाच येत होता. पण तसली मातीची जनावरं तिनं आणि बरोबरच्या बायकांनी लहानपणी एकेकदाच पाहिलेली. ती कपारीतच करायची असतात, त्यामुळे कुंपण पडल्यावर कुणी केलीच नाहीत. करायची नाहीत तर मोडायची कशाला? ते मोडायचं कसं, काय म्हणत, कुठल्या बाजूनं, हे आजीला ठाऊक होतं. पुढच्या प्रमुखबाईला ते मोडतानाच शिकवायचं असतं, आणि शिकवायला हाताशी एकच उरलं होतं. ते शहरात होतं, काचेच्या पेटीत.

"कुंपण मी घातलं, येसा," फालेसी म्हणाली. "आणि शेवटचं एक जे उरलं होतं, ते मीच नेऊन ठेवलं." मी म्हणालो, तुला कुठे माहीत होतं. ती म्हणाली, तेच तर.

निघताना बायका ओसरीवर आल्या तेव्हा मी उठून जवळ गेलो होतो. मलितानं गुडघे टेकून फालेसीचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "मावशी, आम्ही लावतो ना तुमच्यासाठी नाच. रविवारी प्रार्थनेनंतर, मागच्या अंगणात. दुपारपर्यंत होऊन जाईल."

फालेसीनं तिच्या गालाला हात लावला. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

"आणि ते," मलिता आत खोक्याकडे बघून संकोचानं म्हणाली, "ते गावात नको, मावशी. त्याचं काय करायचं आम्हाला समजत नाही. हातून काही चुकलं तर कुणाला विचारायचं? तुम्ही संग्रहालयातच ठेवा. तिथं नीट राहतं."

बाकीच्या चौघींनी माना डोलावल्या. मनापासून. त्या सगळ्या फालेसीच्याच शिकवणीत वाढलेल्या होत्या. शाळेची सहल घेऊन मीच त्यांना कुंपणापर्यंत नेलं होतं आणि फालेसीनं त्यांना जपणूक म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं.

दोन दिवसांनी आम्ही निवृत्तीनंतर बटाटे वाहायला घेतलेल्या माझ्या पिकअपमधून शहराकडे निघालो. मागे ठेव म्हटलं तर फालेसीनं ऐकलं नाही. खोकं मांडीवर घेऊन पुढेच बसली. बटाट्यांच्या ट्रकांनी त्या रस्त्याची चाळण केली आहे. सवयीनं मी खड्डा आला की गाडी हळू करत होतो, एक चाक कडेला घेत होतो.

"हळू चालवू नकोस, येसा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती. खोक्यावर तिनं हातही ठेवला नव्हता. दोन्ही हात सीटवर टेकले होते. मला समजलं. सगळ्या देशाशी सरळ वागलेली ही बाई, हातानं मोडायचं तिला जमणार नव्हतं, आणि रीतीनं मोडणारं कुणी राहिलं नव्हतं. रस्त्यानंच मोडलं तर कुणाचा दोष?

मी वेग वाढवला. एकही खड्डा चुकवला नाही. गाडीचे सगळे नटबोल्ट ओरडत होते, माझी कंबर मोडायची राहिली, एका ठिकाणी तर फालेसीचं डोकं छताला आपटलं. समोरून येणारा ट्रकवाला हात काढून शिव्या देऊन गेला.

संग्रहालयाच्या आवारात गाडी थांबवली. ती उतरली नाही. मांडीवरच दोरी सोडली, झाकण उचललं, वरचा स्पंज बाजूला केला. कासव, किंवा ते जे काही होतं ते, जसंच्या तसं उभं होतं. फालेसीनं प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं, पायांवरून, पाठीवरून, पोटाखालून. कुठे केसभरही चीर नव्हती.

"फार चांगलं जोडलं होतं मी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

मी तिचा पालक. मी खाली उतरलो, तिच्या बाजूचं दार उघडलं, आणि ती थांबेपर्यंत तसाच उभा राहिलो. मग खोकं घेतलं आणि आत देऊन आलो.